बदलापूरहून फोर्टचा संगणक चालवताना

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात करसल्लागाराच्या कार्यालयात कोणालाही उसंत नसते, आणि नेमका त्याच दिवसांत पाऊस लोकल बंद पाडतो. फोर्टमधील ज्या छोट्या कार्यालयाचे संगणक मी सांभाळतो, तेथील एक ज्येष्ठ सहकारी ताई अशा दिवशी बदलापूरच्या घरून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, कार्यालयातील सर्व्हरशी रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे तिथला पडदा आपल्या लॅपटॉपवर आणून तो दुरून चालवण्याच्या सोयीने, जोडल्या जातात. गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. "अहो, मी हिशोबाच्या नोंदीखालचं नॅरेशन टाइप करते तर अक्षरं उमटतच नाहीत, आणि मग एकदम सगळी ओळ येऊन पडते. काही दिसत नाही म्हणून पुन्हा एंटर दाबला, तर व्हाउचर अर्धवटच सेव्ह झालं."

कार्यालयात सर्वांचे एकच मत पडले, की ताईंनी मोठा डेटा प्लॅन घ्यावा. मला ते पटले नाही. बारा डब्यांची लोकल पंधरा डब्यांची केली म्हणजे जास्त माणसे मावतात, पण गाडी कल्याणला लवकर पोहोचत नाही. नेटचा 'स्पीड' म्हणून जो आकडा आपल्याला विकला जातो, तो डब्यांचा आकडा आहे. रिमोट डेस्कटॉपवर दाबलेली प्रत्येक कळ आधी सर्व्हरपर्यंत जाते, तेथे अक्षर उमटते आणि मग त्या बदललेल्या पडद्याचे चित्र परत येते; म्हणून टाइप करणाऱ्याला जाणवतो तो या फेरीला लागणारा वेळ.

हा वेळ मोजायला पिंग पुरेसा आहे; तो एक छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दाखवतो. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण 200 किलोमीटर जातो. फोर्ट ते बदलापूर हे जाऊन-येऊन अंतर त्याच्या दृष्टीने मिलिसेकंदाचेही नाही. सर्व्हर न्यूयॉर्कला असता, तर सरळ रेषेतले साडेबारा हजार किलोमीटर जाऊन परत यायलाच सव्वाशे मिलिसेकंद लागले असते आणि त्यावर कोणाकडेही इलाज नसता. ताईंच्या लॅपटॉपवर मात्र पिंग कधी 60 दाखवत होता, तर कधी 700. अंतर काही मिनिटामिनिटाला बदलत नाही. म्हणजे वाटेत कोठेतरी रांग लागत होती.

अर्धी रांग घरातच होती. मोबाइल आतल्या खोलीत कपाटावर ठेवलेला होता. तो खिडकीशी आणला आणि वाय-फायऐवजी यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडला, तेव्हा आकड्यांची उडी बरीच कमी झाली. ज्यांच्याकडे ब्रॉडबँड आहे त्यांनीही राउटरपासून लॅन केबल ओढावी, निदान वाय-फायचा पाच गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. आपल्या इमारतींत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे दहा-पंधरा राउटर एकाच वेळी बोलत असतात आणि 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच.

उरलेली रांग फोर्टमध्ये होती, आणि ती शोधायला मला दोन दिवस लागले. ठाण्यातील दुसऱ्या सहकाऱ्याकडे उत्तम ब्रॉडबँड असूनही दुपारी तीनच्या सुमारास त्याचाही पडदा अडकतो, हे कळल्यावर संशय कार्यालयाकडे वळला. पडद्याचे चित्र कार्यालयातून बाहेर जाते, म्हणजे ते कार्यालयाच्या अपलोडवर चालते. घरच्या डाउनलोडचा आकडा कितीही मोठा असला तरी येथे उपयोगी पडत नाही. तपासले तेव्हा दिसले, की स्कॅन केलेल्या कागदपत्रांचा क्लाउड बॅकअप रोज दुपारी सुरू होत होता आणि सगळे अपलोड व्यापून टाकत होता. नेटवरून माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत जाते; राउटर बॅकअपची ती पाकिटे टाकून न देता साठवत राहतो आणि त्यांच्या मागे ताईंचे एक अक्षर ताटकळते. बॅकअप रात्री अकराला नेला आणि त्याच्या वेगाला मर्यादा घातली. त्या दिवसापासून पिंग 60 ते 90 च्या आत स्थिर आहे. प्लॅन दोन्हीकडे जुनाच आहे.

एवढे झाल्यावरच सेटिंगला हात लावावा, असे माझे मत आहे. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये 'एक्सपिरियन्स' या टॅबवर डेस्कटॉप बॅकग्राउंड, मेनूचे अॅनिमेशन आणि खिडकी ओढताना तिच्यातील मजकूर दाखवणे हे सर्व बंद करावे; पर्सिस्टंट बिटमॅप कॅशिंग मात्र चालू ठेवावे, कारण एकदा आलेली चित्रे आपल्याच डिस्कवर राहतात. फॉन्ट स्मूदिंग, म्हणजे अक्षरांच्या कडा गुळगुळीत दाखवणे, बंद केल्याने थोडा डेटा वाचतो, पण देवनागरी मात्रा वाचताना डोळे शिणतात, म्हणून मी ते राहू देतो. खरा फरक पडतो तो रिझोल्यूशनने: 1920 गुणिले 1080 च्या पडद्यावर सुमारे 20.7 लाख बिंदू असतात, 1280 गुणिले 720 वर 9.2 लाख. प्रिंटर, आवाज आणि ड्राइव्ह यांची जोडणी गरज नसेल तेव्हा काढून टाकावी, आणि मोठी फाइल कॉपी-पेस्टने त्याच जोडणीतून मुळीच ओढू नये.

आणखी एक गोष्ट सहसा राहून जाते. आरडीपी म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा प्रोटोकॉल, संवादाचे नियम. 2012 मध्ये आलेल्या आरडीपी 8.0 पासून तो टीसीपी (हरवलेले पाकीट पुन्हा पाठवून मगच पुढे जाणारी पद्धत) याबरोबर यूडीपी (हरवलेल्यासाठी न थांबणारी पद्धत) हीही वापरू शकतो आणि पाकिटे हरवणाऱ्या मोबाइल नेटवर्कवर त्याचा मोठा आधार असतो. पण फायरवॉलमध्ये, म्हणजे कार्यालयाच्या नेटवर्कच्या पहारेकऱ्यात, बहुतेक वेळा 3389 हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट (क्रमांकाचे दार) फक्त टीसीपीसाठी उघडलेला असतो. रिमोट डेस्कटॉपच्या वरच्या पट्टीतील सिग्नलच्या चिन्हावर क्लिक केले, की यूडीपी चालू आहे का ते कळते. हा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. 2019 मध्ये सापडलेल्या ब्लूकीप या त्रुटीत पासवर्ड नसतानाही आत शिरता येत होते. व्हीपीएनमधूनच, म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयापर्यंत जाणाऱ्या सुरक्षित खाजगी वाटेनेच जावे आणि तो व्हीपीएनही यूडीपीवर असावा. टीसीपीच्या आत टीसीपी घातले, तर हरवलेले पाकीट दोन्ही थर पुन्हा पाठवू लागतात आणि कोंडी वाढते.

स्कॅन केलेल्या पीडीएफची अडचण मात्र अजून पूर्ण सुटलेली नाही. ते प्रत्येक पान म्हणजे नवे चित्र असते आणि माउसच्या चाकाने सरकवले, तर प्रत्येक टप्प्याला ते पुन्हा पाठवावे लागते. त्यामुळे ताई आता अख्खे पान पडद्यावर बसवतात आणि पेज डाउनने एकेक पान उलटतात. दीड-दोन सेकंदांत पान स्पष्ट होते, तोवर त्या हातातल्या वहीत पुढच्या नोंदीची रक्कम लिहून घेतात.