पिस्ता न लागणारं झाड

पॅरिसमधे झार्दां दे प्लांत नावाची जुनी बाग आहे, तिथे पिस्त्याचं एक झाड आहे, वय तीनशेच्या वर, आणि त्याला पिस्ता लागत नाही. रोगबिग काही नाही, झाड नर आहे एवढंच. पिस्त्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. फुलंही अशी की ह्याला फूल का म्हणायचं असं वाटावं, पाकळ्या मुळातच नाहीत, मधमाशांना बोलवायची भानगड नाही, वारा सुटला की नराची पिवळी धूळ उडते आणि नशिबात असेल तर मादीपर्यंत पोचते. तर ह्या बिनफळाच्या झाडाच्या आधारावर एका माणसानं, झाडांतही नर-मादी असतात आणि फूल हा त्यांचा संसार आहे, असं तीनशे वर्षांपूर्वी भर वर्गात ठणकावून सांगितलं. त्याचं नाव सेबास्तियां वायां. मला हा माणूस फार आवडतो, आणि त्याची काही वागणूक मुळीच आवडत नाही, दोन्ही सांगतो.

जन्म 1669 चा, पोंतवाजजवळच्या विनी नावाच्या गावातला. पोरवयातच चर्चमधे ऑर्गन वाजवायला लागला, मग तिथल्याच हॉस्पिटलात जखमा शिवायला शिकला, सैन्यात सर्जन म्हणून गेला, 1690 च्या फ्लरूसच्या लढाईत होता, आणि दुसऱ्या वर्षी पॅरिसला येऊन राजाच्या औषधी बागेत (म्हणजे वर सांगितली तीच बाग) तूर्नफोरच्या लेक्चरांना बसायला लागला आणि तिथेच अडकला. तूर्नफोर म्हणजे तेव्हाचा युरोपातला मोठा वनस्पतीवाला, फुलाच्या पाकळ्यांच्या आकारावरून सगळ्या झाडांची विभागणी करणारा. पुढे राजाचा मुख्य डॉक्टर फागों ह्यानं वायांला सेक्रेटरी म्हणून ठेवलं, बागेत कामाला लावलं, 1714 मधे थंडीत परदेशी झाडं जगावीत म्हणून बागेत गरम काचघर उभं राहिलं तेही वायांच्याच देखरेखीखाली. पण पद काय, तर डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे प्रोफेसर बोलणार आणि हा झाडं दाखवणार. तूर्नफोर 1708 मधे रस्त्यात गाडीखाली सापडून गेला, आणि थोड्याच काळात प्रोफेसरची खुर्ची मिळाली आंत्वान द जुसिएला, जो वायांपेक्षा सतरा वर्षांनी लहान. आपल्या कॉलेजांमधे अशा लॅबवाल्या सरांना ज्यांनी पाहिलंय, ज्यांना सगळं येतं आणि ज्यांची बढती काही होत नाही, त्यांना वेगळं काही सांगायला नको.

आणि मग 10 जून 1717. जुसिएच्या जागी कोर्सचं पहिलं भाषण करायची संधी वायांला मिळाली. वेळ पहाटे सहाची! समोर मुख्यतः मेडिकलची पोरं, औषधी पाल्याचे गुण लिहून घ्यायला आलेली, डोळ्यात झोप. आणि ह्यानं विषय काढला फुलांच्या लग्नाचा. पाकळ्या म्हणजे नुसतं पांघरूण, नाहीतर शोभा, त्या नसल्या तरी फूल हे फूलच, खरं फूल म्हणजे पुंकेसर आणि अंडाशय, एक नर आणि एक मादी, दोन्ही एका फुलात असतील, दोन फुलांत असतील नाहीतर दोन झाडांवर असतील. इथे तो पिस्ता एकदम चपखल बसतो बघा, पाकळी एकही नाही आणि तरी सगळं व्यवस्थित चालू. पाकळ्यांवरून वनस्पतीशास्त्र रचणाऱ्या तूर्नफोरची ह्यात काय अवस्था होते ते वेगळं सांगायला नको, त्यात पराग म्हणजे फुलाचा टाकाऊ मळ आहे आणि पुंकेसर तो बाहेर टाकायची सोय, असं तूर्नफोरचं ठाम मत होतं. आणि हे पिस्त्याचं झाड लावलं कोणी म्हणता? तूर्नफोरनंच, 1700 च्या आसपास, असं सांगतात.

भाषणातली भाषा तर विचारू नका. काही फुलांमधे कळी एकदम फुटून पराग उडतो, ते वर्णन करताना वायां असा काही रंगात आलाय की उतावळे, मुसमुसलेले नर कळीचे दरवाजे ढकलून एका झटक्यात मोकळे होतात आणि धुळीचा लोट उठतो, वगैरे वगैरे. मधेच झोपलेली पोरं जागी झाली असणार हे नक्की. मला वाटतं हे तो मुद्दाम करत होता. आयुष्यभर दुसऱ्याच्या लेक्चरला झाडं धरून उभं राहिलेला माणूस, एक दिवस माईक हातात आला (माईक नव्हता, पण समजून घ्या), तर तो हातचं काही राखून बोलेल कशाला.

हे सगळं वाचल्यापासून माझं श्रीखंडाकडे बघणं बिघडलंय. वर पिस्त्याचे काप, म्हणजे मादी झाडाचं बी, कुठल्यातरी नराची धूळ वाऱ्यानं वेळेवर आली म्हणून भरलेलं, कारण पिस्त्याचं टरफल आधी पूर्ण वाढतं, गर मागाहून भरतो, आणि नाही जमलं तर पिस्ता पोकळ. आत जायफळ, तिथेही तीच कथा, झाडं नर-मादी वेगळी, कोकणात बी लावून जायफळ करणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं, सहा-सात वर्षं पाणी घालून वाढवायचं आणि पहिला फुलोरा आला की कळतं बरीचशी नर निघाली. आणि केशर, ती काडी म्हणजे फुलाच्या मादी भागाचं टोक, जिथे पराग येऊन चिकटायचा, आणि गंमत म्हणजे केशराला बी धरतच नाही, कंद लावूनच वाढवतात. घरात हे जेवताना सांगितलं तर कोणी ऐकून घेत नाही ते सोडा.

आता न आवडलेला भाग. तूर्नफोर त्याचा गुरू, जाऊन आठ-नऊ वर्षं झालेली, आणि भाषणात त्याच्यावर जी टीका आहे ती नुसत्या मुद्द्यांपुरती नाही, तिला चांगलीच धार आहे. गेलेला माणूस उत्तर देत नाही. दुसरं म्हणजे हा शोध एकट्या वायांचा नव्हे. जर्मनीत ट्यूबिंगेनला कामेरारियसनं 1694 मधेच प्रयोग करून दाखवलं होतं की पराग मिळाला नाही तर धड बी धरत नाही, खुद्द पॅरिसच्या अकादमीत जोफ्रुआनं 1711 मधे हाच विषय मांडला होता. वायांनी ह्यांना द्यायला हवं होतं तेवढं श्रेय दिलेलं नाही. आणि नेमका जिथे तो स्वतःचं डोकं लावतो तिथे चुकतो, परागकणातून एक सूक्ष्म वाफेसारखं काहीतरी निघतं आणि बीजांडापर्यंत जातं असं त्याचं म्हणणं. परागातून नळी फुटते आणि खाली उतरते हे दिसायला 1820 चं दशक उजाडावं लागलं, इटलीत आमिचीनं मायक्रोस्कोपखाली ती पाहिली.

मग त्याचं राहिलं काय? माझ्या मते सांगण्याची पद्धत राहिली. कामेरारियसचा प्रयोग जास्त भक्कम होता, पण तो त्यानं लॅटिनमधल्या एका पत्रात मांडला होता, त्या पत्राची फार थोड्यांनी दखल घेतली, वायांचं भाषण मात्र 1718 मधे लायडनला फ्रेंच आणि लॅटिन दोन्हीत छापलं गेलं आणि त्याचा बोभाटा झाला. त्याचा गोषवारा कुठून कुठून फिरत स्वीडनमधल्या एका गावी रोथमन नावाच्या डॉक्टर मास्तरांकडे गेला आणि त्यांनी तो एका शाळकरी पोराला दाखवला. तो पोरगा लिनियस. 1729 संपता संपता त्यानं झाडांच्या लग्नसोहळ्यावर एक निबंध लिहिला आणि 1735 मधे पुंकेसर-स्त्रीकेसर मोजून सगळ्या झाडांची वर्गवारीच करून टाकली, एक नवरा एक बायको, दोन नवरे, वीस नवरे, अशी.

वायांला ह्यातलं काही बघायला मिळालं नाही. छातीच्या दुखण्यानं तो 1722 मधे गेला. पॅरिसच्या आसपासच्या झाडांवरचं मोठं पुस्तक वर्षानुवर्षं रचत आणलं होतं, छापायला पैसे नाहीत, शेवटी आजारपणात हस्तलिखित आणि ओब्रिएनं काढलेली चित्रं हॉलंडच्या बूरहाव्ह नावाच्या नामवंत डॉक्टरकडे सोपवली, त्यानं शब्द पाळला आणि 1727 मधे पुस्तक काढलं.

अश्लील बोलतो म्हणून शिव्या मात्र लिनियसनं खाल्ल्या. सेंट पीटर्सबर्गच्या सीगेसबेक नावाच्या वनस्पतीवाल्यानं तर, देवानं असा व्यभिचार वनस्पतीसृष्टीत कधीच होऊ दिला नसता, अशा अर्थाचं लिहिलं. लिनियसनं त्याचं नाव एका चिकट, बारक्या फुलांच्या तणाला दिलेलं आहे, सिगेसबेकिया, आणि ते सूड म्हणूनच असं म्हणतात. हे तण आपल्या सह्याद्रीतही उगवतं, पावसाळा सरता सरता डोंगरात फिरलात तर पँटला चिकटून घरी येईल.