पोटातला गंज

माझं हिमोग्लोबिन ८.४. अमळनेरला आमच्या गल्लीत हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, कारण नळाला पाणी आलं की आई तो सांगत सुटते. त्यावर इलाज म्हणून तिने माळ्यावरची लोखंडी कढई काढली, मेथी-पोकळा त्यातच शिजायला लागला. लोहाच्या गोळ्या होत्याच. आणि एंडोमेट्रिऑसिसमुळे अंडाशयात झालेली गाठ दुर्बिणीच्या ऑपरेशनने काढल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘गाठीत लोह ठासून भरलेलं असतं हो.’’

मी बारावीला केमिस्ट्री शिकवते. रक्तात नाही ते लोह अंडाशयात साठलंय, हे ऐकून टाके विसरून उठायलाच निघाले.

त्याआधी नऊ वर्षं गेली. पाळीचे पहिले दोन दिवस मी फळ्याकडे तोंड करून, टेबलाची कड धरून शिकवायचे. आजी म्हणायची, ‘‘लगीन व्हयनं का समदं बरं व्हई जाई.’’ लगीन व्हयनं. बाकी काही नाही. एका डॉक्टरांनी ॲसिडिटी ठरवली, दुसऱ्यांनी टेन्शन. जळगावच्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा विचारलं, ‘‘पाळीत शौचाच्या वेळी दुखतं का?’’ मी रडायलाच लागले. सोनोग्राफीत डावीकडे ५ सेंटीमीटरची गाठ निघाली, चॉकलेट सिस्ट. जॉन सॅम्पसन या अमेरिकी डॉक्टरांच्या १९२१च्या निबंधातही हेच नाव आहे. आत जुनं, काळपट, दाट रक्त. चॉकलेट म्हणायला जीभ कशी वळली कोण जाणे.

मग अंथरुणात पडल्या पडल्या वाचत गेले. पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात उतरतं. बहुतेक बायकांचं उतरतं आणि शरीर ते साफ करतं. दहातल्या साधारण एकीच्या बाबतीत मात्र त्यासोबत आलेलं गर्भाशयाचं अस्तर आत रुजतं असं मानतात, आणि तेही दर महिन्याला रक्त गाळतं. हाच एंडोमेट्रिऑसिस. तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन मोडतं, लोह मोकळं सुटतं. पेशींत थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतच असतं. त्याला हे लोह भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो, आणि तो समोर येईल त्याला चावतो. ही फेंटन अभिक्रिया. हेन्री फेंटन यांनी १८९४मध्ये ती मांडली ती टार्टारिक आम्लावर, म्हणजे आपल्या चिंचेतल्या आम्लावर!

हा रॅडिकल डीएनएमधल्या ग्वानिन या घटकाला ऑक्सिजन चिकटवतो. मग नक्कल होताना ग्वानिनची जोडी सायटोसिनऐवजी ॲडेनिनशी लागू शकते. कधी डीएनएचे दोन्ही धागे तुटतात. दुरुस्तीची प्रथिनं असतात, पण दर महिन्याला नवीन लोह येतंय म्हटल्यावर ती तरी किती पुरणार? शिवाय त्या जागी सूज राहते, अवयव एकमेकांना चिकटतात. माझं आतडं अंडाशयाला चिकटलं होतं.

‘डीएनए तुटतो’ एवढंच बहिणीला सांगितलं आणि तिने रात्री दोनला मोबाइलवर कॅन्सर शोधला. बाईंनी आकड्यांत समजावलं: अंडाशयाचा कॅन्सर आयुष्यभरात शंभरातल्या एकीला किंवा थोड्या जास्त जणींना होतो. या आजारात ते प्रमाण वाढतं, तरी शंभरात दोनच्या आतच राहतं. तपासण्या चुकवायच्या नाहीत, बस. लोहाच्या गोळ्या बंद करू का, हेही विचारलं. ‘‘अजिबात नाही. गाठीतलं लोह तिथेच सांडलेल्या रक्ताचं, गोळीचं नाही. ॲनिमिया वेगळा, तो भरून काढायचाच.’’

एका ओळखीच्याने अँटिऑक्सिडंट पावडरचा अठराशेचा डबा आणून दिला. क आणि ई जीवनसत्त्वांनी दुखणं थोडं कमी झाल्याचं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय, पण त्याने गाठ विरत नाही. डबा परत केला. सध्या डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी चालू आहे, पाळी बंद आहे, आणि सोमवारी पूर्ण तास मुलांकडे तोंड करून शिकवलं.

हे सगळं आईला स्वयंपाकघरात सांगत होते. तिने फेंटनपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं, कढईकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘मंग आमटीमा चिच टाकू का नको?’’

टाक म्हटलं.