‘फॉल्ट’, खोट आणि चूक

काही वर्षांपूर्वी भूकंपावरील एका लेखाचा अनुवाद करताना मी ‘फॉल्ट’ या शब्दासाठी ‘दोष’ असे लिहिले आणि सॅन अँड्रियास फॉल्टचा ‘सॅन अँड्रियास दोष’ करून टाकला. मसुदा तपासणाऱ्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांनी तेथे ‘भ्रंश’ असा शब्द लिहून दिला. चूक दुरुस्त झाली, पण मुळात खडकाच्या भेगेला इंग्रजीने दोषवाचक शब्द का दिला असावा, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

खडकाला तडा जाऊन त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या तुलनेत सरकल्या की त्या जागेला भ्रंश म्हणतात. १८ एप्रिल १९०६ रोजी कॅलिफोर्नियातील हा सॅन अँड्रियास भ्रंश सरकला, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील शेतांमधली सरळ कुंपणे मध्येच तुटून काही मीटर बाजूला गेली. यात खडकाचा दोष काही नाही. शब्द आला तो खाणकामगारांकडून. कोळशाचा थर खणत पुढे जाताना तो एकाएकी नाहीसा होई आणि समोर भलताच खडक उभा राही, कारण उरलेला थर भ्रंशामुळे वर किंवा खाली गेलेला असे. शिकारी कुत्र्यांना वासाचा माग लागेनासा झाला की त्यांच्याबद्दलही इंग्रजीत हाच शब्द वापरत. दोन्ही ठिकाणी बोलणे अपराधाचे नसून हरवण्याचे आहे.

शब्दाचा जुना अर्थही तोच आहे. तो इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, ‘फोत’ या रूपात, आणि त्याचा अर्थ होता उणीव. आजच्या फ्रेंचमध्येही ‘च्या अभावी’ असे म्हणताना हा शब्द येतो. त्यातला ‘ल’ नंतरचा आहे. लॅटिन मुळाची आठवण राहावी म्हणून तो लेखनात घातला गेला, आणि उच्चारात रुळायला त्याला बराच काळ लागला: १७५५ सालच्या आपल्या कोशात सॅम्युएल जॉन्सन यांनी, बोलताना हा ‘ल’ बहुधा गाळला जातो, अशी नोंद केली आहे.

ते लॅटिन मूळ म्हणजे ‘फसवणे’ या अर्थाचा धातू. खोटेपणा दाखवणारा ‘फॉल्स’ हा इंग्रजी शब्दही त्याच धातूचा. हे कळले तेव्हा मला फार आनंद झाला, कारण आपल्याकडे ‘खोट’ आणि ‘खोटे’ यांची जोडी अगदी तशीच आहे. नाण्यात खोट असते, मनात खोट असते, धंद्यात खोट येते. म्हणजे दोष, कपट आणि तोटा हे तिन्ही अर्थ आपण एकाच लहानशा शब्दात सांभाळले आहेत. ‘दोष’ हा संस्कृत शब्द भारदस्त खरा, तरी ‘फॉल्ट’चे खरे भावंड मला ‘खोट’च वाटते. दुसऱ्याच्या वागण्यातले ‘फॉल्ट’ शोधण्याला आपण ‘उणीदुणी काढणे’ म्हणतो, आणि तिथेही ‘उणे’ आहेच.

‘चुकणे’ हे क्रियापद मात्र याहून पुढे जाते. वाट चुकते, नेम चुकतो, गाडी चुकते, गणित चुकते. इंग्रजी माणूस ‘फॉल्ट माझा आहे’ अशा अर्थाचे बोलतो, म्हणजे अपराध एखाद्या वस्तूसारखा स्वतःकडे घेतो. आपण नुसते ‘माझं चुकलं’ म्हणतो आणि जे घडले त्याचीच कबुली देतो. टेनिसमध्ये सर्व्हिस ठरलेल्या चौकटीबाहेर पडली की पंच ‘फॉल्ट’ पुकारतात. त्यातही नेम चुकण्यापलीकडे काही नसते. वीज गेल्यावर वायरमन ‘लाइनला फॉल्ट आहे’ म्हणतो, तो शब्द तर आता मराठीच झाला आहे आणि तो बदलण्याची मला गरज वाटत नाही.

प्राध्यापकांनी सुचवलेला ‘भ्रंश’ही अर्थाने तितकाच श्रीमंत आहे. भ्रंश म्हणजे जागेवरून घसरणे, ढळणे. स्मृतिभ्रंशात आठवण ढळते, अपभ्रंशात शब्दाचे रूप ढळते, कोयनेच्या परिसरात जमीन ढळते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर धरणातील जलसाठ्याचा त्याच्याशी संबंध आहे का, याची चर्चा जगभरच्या शास्त्रज्ञांनी केली. त्या चर्चेत ‘फॉल्ट’ या एकाच इंग्रजी शब्दाने दोन प्रश्न विचारता येतात: जमीन कुठे सरकली, आणि जबाबदारी कोणाची. मराठीत पहिल्यासाठी भ्रंश आहे आणि दुसऱ्यासाठी दोष. माझ्या त्या मसुद्यात मी नेमकी हीच सरमिसळ केली होती.