सॅन फ्रान्सिस्को : गाडी घरीच ठेवा

मुलांकडे अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सनीवेल-फ्रेमाँटला आलेले आई-वडील बहुधा आठवडाभर घरात बसून शनिवारची वाट बघतात. आम्ही दोघांनी या खेपेला तसं केलं नाही. मधल्या वारीच सॅन फ्रान्सिस्को आपलं आपण पाहिलं. शहरापुरती गाडी नसलेलीच बरी, हे पुढे जाणाऱ्यांना अगदी आग्रहाने सांगावंसं वाटतं.

सनीवेलहून कॅलट्रेन धरायची. सप्टेंबर २०२४ पासून ती विजेवर धावते आणि एक्सप्रेस मिळाली तर तासाभरात शहरात पोचवते. क्लिपर हे भाड्याचं कार्ड माणशी एक हवं, एकावर दोघांना जाता येत नाही. गाडीत चढण्याआधी ते फलाटावरच्या यंत्राला टेकवायचं आणि उतरल्यावर आठवणीने पुन्हा टेकवायचं, नाहीतर जास्तीचं भाडं कापलं जातं. शहरातल्या म्युनीच्या, म्हणजे तिथल्या नगर परिवहनाच्या, बसला फक्त चढताना टेकवलं की झालं; त्याच भाड्यात दोन तास बस, ट्राम बदलत फिरता येतं. पासष्टी ओलांडलेल्यांनी ज्येष्ठांचं सवलतीचं कार्ड आधीच काढून ठेवावं. फ्रेमाँटकरांना बार्ट ही लोकल रेल्वे आहे, तिलाही हेच कार्ड चालतं.

कॅलट्रेनच्या शहरातल्या शेवटच्या स्टेशनबाहेरून एन ट्राम खाडीच्या कडेने फेरी बिल्डिंगजवळ आणते. तिथून फिशरमन्स वॉर्फकडे जाणाऱ्या एफ मार्गावर जुन्या ट्राम चालतात. त्यात मिलान शहरातून आणलेल्या, १९२८ च्या सुमाराच्या गाड्याही आहेत. आत लांबलचक लाकडी बाक, आणि भाडं मात्र साध्या बसइतकंच.

केबल कार १८७३ पासूनची. सगळे पॉवेल स्ट्रीटला रांग लावतात. तुम्ही फेरी बिल्डिंगपासून चालत जाऊन कॅलिफोर्निया मार्गाची पकडा. तिथे गर्दी कमी असते. तिकीट वेगळं आणि महाग आहे, तरी एकदा बसाच, आणि जागा मिळाली तर चालकाजवळ बसा. रस्त्याखालून पोलादी दोर अखंड फिरत असतो. चालक सगळं अंग मागे टाकून लोखंडी दांडा ओढतो, खालचा चिमटा दोराला पकडतो आणि गाडी चढ चढू लागते. रस्ता शांत असेल तेव्हा रुळांमधल्या फटीतून त्या दोराची घरघर ऐकू येते. मेसन स्ट्रीटवरच्या केबल कार संग्रहालयात हाच दोर ओढणारी प्रचंड चाकं समोर फिरताना दिसतात, तेही फुकट. पायरी उंच आहे. गुडघे दुखत असतील तर जपून.

गोल्डन गेट पुलाला २८ नंबरची बस जाते. जुलैतही स्वेटर हवाच, धुकं अंगात शिरतं.

आणि गाडी? शहरात ती लावायची कुठे, यातच दिवस जातो. फुटपाथची कडा लाल रंगवलेली असेल तर थांबायचंच नाही, हिरवी असेल तर थोड्या वेळापुरतं, शिवाय रस्तेसफाईचे वार वेगळे. उतारावर चाकं वळवून लावली नाहीत तर दंड होतो. सीटवर पिशवी दिसली तर काच फुटू शकते, म्हणून काहीही ठेवू नका.

गोल्डन गेट पुलापलीकडच्या म्यूर वुड्सच्या जंगलातले रेडवूडचे उंच वृक्ष बघायला मात्र गाडी घ्या. परतताना पुलाचा टोल कॅमेऱ्यानेच लागतो, रोख घेणारं कुणी नाही. गाडी भाड्याची असेल तर त्याचे पैसे कसे लावतात ते आधी विचारा. पेट्रोल पंपावरचं यंत्र तिथला पिनकोड मागतं आणि आपलं भारतीय कार्ड अडतं. अशा वेळी आत काउंटरवर जाऊन आधी पैसे भरायचे. म्यूर वुड्सला पार्किंगचं आरक्षण लागतंच आणि तिथे मोबाइलला रेंज नसते, तेव्हा आरक्षणाचा स्क्रीनशॉट घरूनच काढून निघा.