'टर्न ऑफ इट' चुकतं कुठं?

आज गावातल्या दहावीच्या पोट्ट्यांसोबत इंग्रजीतले फ्रेजल व्हर्बच घेतले, म्हणजे क्रियापदाला 'ऑफ', 'अप' असा छोटा शब्द जोडून होणारी क्रियापदं. विहिरीवरची मोटर बंद करायची, तर 'टर्न ऑफ द मोटर' आणि 'टर्न द मोटर ऑफ', दोन्ही बरोबर. पण मोटरच्या जागी 'इट' आलं की ते मधातच बसतं: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' साफ चूक. बकऱ्या सांभाळायच्या तर मात्र 'लुक आफ्टर देम', कारण इथला 'आफ्टर' शब्दयोगी आहे. तो सर्वनामाच्या आधीच राहतो. फरक कानालाही कळतो, मोठ्यानं म्हणून पाहा: पहिल्यात जोर 'ऑफ'वर, दुसऱ्यात 'लुक'वर. शिक्षक मित्रांनो, नुसत्या अर्थांच्या याद्या पाठ करून घेऊ नका. प्रत्येक क्रियापद 'इट' घालूनच शिकवा: 'पिक इट अप', 'लुक फॉर इट', शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी 'फिल इट इन'.