तुम्ही विचारलंत म्हणून: दर वेळी वालाचंच बिरडं का?

"रविवारी पंधरा माणसं बोलावतेस आणि दर वेळी तेच बिरडं-भात? चार पदार्थ कर, नाहीतर सरळ बाहेरून मागव." हे मला जवळची माणसंसुद्धा सांगतात, बहुतेकदा माझ्या कंबरेच्या काळजीपोटी. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

मी मुलुंडला राहते. माझ्याकडे येणारं कुणी विरारहून दादरला गाडी बदलून येतं, कुणी पनवेलहून, कुणी बदलापूरहून. आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉक. साडेअकराला निघालेला माणूस साडेबाराला पोचेल की दोनला, हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. अशा माणसांसाठी जेवण थांबणारं हवं. पुऱ्या थांबत नाहीत, भजी थांबत नाहीत. एकदा हौसेने पुऱ्यांचा घाट घातला, तर अख्खी दुपार मी कढईपाशी. एका मैत्रिणीच्या वडिलांचं ऑपरेशन झालं होतं, ते ती बाहेर सगळ्यांना सांगत होती. मला कळलं ती चपला घालताना. त्यानंतर पुऱ्या बंद.

थांबणारं जेवण मी आजीकडून शिकले. लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत तिची खाणावळ होती. गिरणी तीन पाळ्यांत चालायची, म्हणून जेवणंही तीन पाळ्यांत. पहिली पाळी सुटून आलेला आणि रात्रपाळीला निघालेला, दोघांनाही त्याच पातेल्यातलं आणि तितकंच गरम मिळायचं. गिरणगावात अशा खाणावळी चालवणाऱ्या बायका खूप होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते त्यांच्यासाठीच. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पगार थांबले. आजीने स्टोव्ह विझू दिला नाही, वहीत उधारी लिहीत गेली. काहीजण गावाला गेले ते परतलेच नाहीत. त्यांचा विषय निघाला की ती एवढंच म्हणायची, "जेवून गेला होता ना."

तर बिरडं. शुक्रवारी रात्री किलोभर कडवे वाल भिजत घालते. शनिवारी सकाळी उपसून पंचात घट्ट बांधते. रविवारी सकाळी गाठ सोडली की बोटाच्या पेराएवढे मोड आणि तो वालाचा उग्र वास. परातीत घेऊन वर कोमट पाणी ओतायचं, जरा थांबायचं. मग अंगठा आणि पहिलं बोट, यांच्यात वाल धरून हलकं दाबलं की सालातून डाळिंबी सुळकन निसटते. साल पाण्यावर तरंगतं. जो लवकर येतो तो परातीशी बसतो, त्याला सांगावं लागत नाही. हात पाण्यात असले की फोन आपोआप लांब राहतो. गेल्या खेपेला माझ्या भाच्याने नोकरी सोडल्याचं घरात पहिल्यांदा सांगितलं ते वाल सोलताना, मान खाली घालून. त्याच्या आईने हातातला वाल सोलून पूर्ण केला आणि मगच विचारलं, "मग आता?"

फोडणीत जिरं, हिंग, हळद, हिरवी मिरची. कांदा-लसूण मी घालतच नाही, म्हणजे श्रावण पाळणाऱ्यांसाठी वेगळं पातेलं नको. सगळे एकातूनच वाढून घेतात. पातेलं स्टीलचं, आमसूल पडणार, तेव्हा जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, नको. आमसूल आणि गूळ डाळिंब्या शिजल्यावरच घालायचा, आधी आंबट पडलं की दाणा टणक राहतो. डावाने ढवळत बसायचं नाही, पातेलंच दोन्ही बाजूंनी धरून हलवायचं, नाहीतर पिठलं होतं. शेवटी मूठभर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. गॅस बंद केल्यावर ते मुरत राहतं. माझ्या मते एकला जेवणाऱ्यापेक्षा तीनला जेवणाऱ्याला जास्त चांगलं मिळतं.

बदलापूरची मैत्रीण मागच्या वेळी तीनला पोचली, कल्याणला गाडी अडकली होती म्हणून घामाघूम. सगळे जेवून पसरले होते. तिला बसवलं, भात वाढला, वर दोन डाव बिरडं, बाजूला पोह्याचा पापड. ती खात होती आणि आम्ही सगळे तिच्याभोवती सरकून बसलो.

पुढच्या वेळी तुम्ही येणार असाल तर शुक्रवारी रात्री नऊच्या आत कळवा. वाल तेव्हा भिजतात.