दोरी उतरवून ठेवा

दसरा झाला की आमच्याकडे सोनं वाटून होतं आणि तिरकमठा, म्हणजे माझं बांबूचं धनुष्य, गच्चीवर येतो. पूजा करून पुन्हा वर्षभर कपाटावर टाकायचा, हे मला पटत नाही. पूर्वी पाऊस सरून गवत वाळलं की शिकारीचे दिवस लागायचे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते संपले, बरंच झालं. माझी शिकार म्हणजे दोरखंडानं आवळलेल्या तणसाच्या पेंढ्या. तरी थंडीची चाहूल लागली की हात शिवशिवतात.

आधी दोरीला मेण. मेणाची वडी फिरवायची आणि दोन बोटांत धरून दोरी खसाखसा चोळायची, बोटांना चटका बसेपर्यंत. मग दोरी चढवायची, मूठ बांबूवर टेकवून अंगठा उभा करायचा. अंगठ्याचं टोक दोरीला लागलं की बांबू आणि दोरीतलं अंतर बरोबर. उतरवून ठेवलेल्या दोरीचे पीळ हळूहळू सुटतात, ती लांबते, अंतर घटतं. मग चार पीळ जास्त द्यायचे. गेल्या वर्षी कंटाळा केला. पहिल्याच बाणाला दोरीनं मनगटावर असा फटका दिला की निळा वळ दिवाळीच्या फोटोतही दिसतो.

पौराणिक मालिकांत टणत्कारानं आकाश दणाणतं. खरं सांगू? जुळलेलं धनुष्य गुमान असतं. बाणाला मिळायची ताकद थरथरण्यात गेली की ते बोंबलतं. म्हणून मी नेमाआधी कान देतो. 'टण्ण' वाजलं की दोन पीळ अजून. 'ठुप्' झालं की हात लावायचा नाही.

शेजारचे काका कठड्यापलीकडून चहा पीत बघतात. "अरे, आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेनं २०२३ला बर्लिनच्या फायनलमध्ये १५० पैकी १५० मारले, अन् तुला पेंढी सापडत नाही!" काकांना काय सांगू, त्याचं कंपाउंड धनुष्य चाकांचं, पूर्ण ओढलं की भार हलका होतो. माझ्या बांबूला तेवढी दयामाया नाही. (त्याच्या हातात माझा कमठा दिला तरी तो मला हरवेल, ते वेगळं.)

पावसात बसलेली बाणांची पिसं किटलीच्या वाफेवर धरली की पुन्हा उभी राहतात. एवढं सोपं दुसरं काही नाही. अवघड आहे ते भाच्याला आवरणं. बाण न लावता दोरी ओढून सोडायची त्याला भारी हौस. सगळा झटका बांबूवरच येतो, एखाद दिवशी कडकन मोडेल.

वीसेक बाण झाले की दोरी उतरवतो. चढवलेला ठेवला तर बांबू वाक धरतो. तशी थोडी धरलीच आहे त्यानं. काल फरशीवर आडवा ठेवून पाहिला. फरशी आणि बांबूच्या मधून बोट सहज गेलं. मागच्या दसऱ्याला करंगळी जात होती.